पनामा कालवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि थोडी लांबलेली उत्तरं

पाटबंधारे खात्यात नोकरी झाल्यामुळे ‘कालवा’ हा शब्द कुठेही निघाला की माना माझ्याकडे वळतात. जगातल्या आश्चर्यांची चर्चा असली तर पनामाचा विषय हमखास येतो, आणि प्रश्नही ठरलेले असतात. म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतो आहे.

पनामा कालवा म्हणजे दोन महासागर जोडणारा लांबलचक चर, बरोबर?

चूक, आणि या गैरसमजात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. आपल्याकडे कालवा म्हणजे धरणातून निघालेला पाट. डावा कालवा, उजवा कालवा, आवर्तन सुटलं की त्यातून पाणी वाहतं. सुएझचा कालवा म्हणजे सरळ वाळूत खणलेला चर. त्यामुळे पनामाही तसाच असणार, असं वाटतं.

प्रत्यक्षात पनामात चाग्रेस नावाची नदी अडवून डोंगराच्या अंगाखांद्यावर एक प्रचंड तलाव केलेला आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवर. जहाज एका समुद्रातून पाण्याच्या पायऱ्यांनी वर चढतं, तलावातून आणि एका खिंडीतून पलीकडे जातं आणि पुन्हा पायऱ्या उतरून दुसऱ्या समुद्रात पडतं. एकूण मार्ग सुमारे ८० किलोमीटर, त्यातला मोठा भाग तलावातूनच. थोडक्यात, पनामा कालवा खणलेला कमी आणि अडवलेला जास्त आहे. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचं तर तो कालवा नव्हेच, धरण आहे.

जहाज डोंगर चढतं म्हणजे नक्की काय होतं?

काँक्रीटचा एक अवाढव्य हौद डोळ्यांसमोर आणा: ३०५ मीटर लांब, ३३.५ मीटर रुंद, दोन्ही टोकांना दरवाजे. याला लॉक म्हणतात. जहाज समुद्राच्या पातळीवरून आत येतं, मागचा दरवाजा बंद होतो. मग वरच्या बाजूचं पाणी भिंतीच्या पोटातल्या साडेपाच मीटर व्यासाच्या बोगद्यांतून येऊन हौदाच्या तळाशी असलेल्या भोकांतून वर उसळतं. आठ-दहा मिनिटांत हजारो टनांचं जहाज जवळजवळ तीन मजले वर उचललं जातं. पुढचा दरवाजा उघडतो, जहाज पुढच्या हौदात. अटलांटिकच्या बाजूला गातून इथे अशा तीन पायऱ्या आहेत. पॅसिफिकच्या बाजूला उतरताना पेद्रो मिगेल इथे एक आणि मिराफ्लोरेस इथे दोन.

यात कुठेही पंप नाही. पाणी वरून खाली येतं, बस्स. ते येताना जहाज उचललं जातं आणि पुढे ते समुद्राला मिळतं. १९१४ पासून हेच चाललंय.

दरवाजे बघण्यासारखे आहेत. प्रत्येक झडप दोन मीटरहून जाड, काही झडपा २५ मीटर उंच. बंद झाल्यावर दोन झडपा सरळ रेषेत न राहता जास्त पाण्याच्या दिशेने इंग्रजी ‘व्ही’सारखा कोन करतात, त्यामुळे पाणी जितकं जोरात दाबेल तितक्या त्या घट्ट बसतात. शिवाय झडपा आतून पोकळ आहेत. त्या पाण्यात तरंगू पाहतात, म्हणून बिजागऱ्यांवर फारसा भार येत नाही आणि शेकडो टनांची झडप हलवायला छोटीशी मोटर पुरते. वाड्याचा दिंडी दरवाजा ढकलताना ज्यांचे खांदे दुखले असतील त्यांना यातली गंमत कळेल.

जुन्या लॉकमध्ये जहाज भिंतीला घासू नये म्हणून दोन्ही काठांवर रुळांवरची विजेची इंजिनं तारांनी त्याला मधोमध धरून ठेवतात. त्यांना तिथे ‘म्यूल’ म्हणजे खेचर म्हणतात. लोकांना वाटतं ती जहाज ओढतात. पुढे जाण्याचं काम जहाज स्वतःच्या इंजिनावर करतं, खेचरांचं काम सांभाळायचं. आणि जहाजाला पहिली दोरी कशी पोचवतात? दोन माणसं वल्ह्याच्या होडीतून जातात आणि हातात देतात. इतर उपाय करून पाहिले, पण वल्ह्याइतका भरवशाचा दुसरा सापडला नाही.

दोन्ही महासागरांची पातळी वेगळी आहे, म्हणून लॉक लागतात ना?

हा प्रश्न मला एका भूगोलाच्या शिक्षकांनीही विचारला होता. दोन्हीकडच्या सरासरी पातळीत फरक आहे, पण वीतभर, साधारण २० सेंटीमीटर. लॉक आहेत ते मधल्या डोंगरामुळे आणि नदीमुळे. भरती-ओहोटीत मात्र मोठी तफावत आहे. पॅसिफिकच्या बाजूला पाणी सहा मीटरपर्यंत वरखाली होतं, कॅरिबियन बाजूला जेमतेम दीड-दोन फूट.

अटलांटिककडून पॅसिफिककडे जाताना जहाज पश्चिमेला जातं की पूर्वेला?

पूर्वेला! खरं तर आग्नेयेला. पनामाची संयोगभूमी तिथे आडवी पडलेल्या ‘एस’सारखी वळलेली आहे, त्यामुळे कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडापेक्षा पूर्वेला आहे. पैज लावायची असेल तर हा प्रश्न उत्तम. नकाशा मात्र शेवटी दाखवा.

पाणी कुठून येतं, आणि किती लागतं?

पावसातून. दुसरा कुठलाही स्रोत नाही. जुन्या लॉकमधून एक जहाज एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात गेलं की सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं.

आकडा मोठा वाटतो पण डोक्यात बसत नाही, म्हणून आपल्या मापात मांडू. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, म्हणजे १.९७ अब्ज घनफूट आहे. तुडुंब भरलेलं खडकवासला या कामाला लावलं तर साधारण २८० जहाजं पलीकडे जातील. दिवसाला ३६ जहाजं धरली तर धरण आठवड्याभरात कोरडं. पुणेकरांनी हे वाचून लगेच आंदोलन करू नये, हा फक्त हिशोब आहे.

पनामात पाऊस धो धो पडतो, विशेषतः कॅरिबियन बाजूला. आपल्या कोकणासारखाच. पण तिथेही डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत कोरडा काळ असतो, तेव्हा साठ्यावरच भागवावं लागतं. गातून तलाव तयार झाला तेव्हा जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित तलाव होता, सुमारे ४२५ चौरस किलोमीटरचा. तोही पुरेना, म्हणून १९३५ मध्ये चाग्रेसवरच वरच्या अंगाला मॅडन धरण बांधलं. पनामा सिटी आणि कोलोन या शहरांचं पिण्याचं पाणीही याच व्यवस्थेतून येतं. म्हणजे जहाज आणि नळ एकाच साठ्यावर. शेती, शहर आणि उद्योग यांच्यात पाणी वाटताना काय काय होतं हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सुएझ बांधणाऱ्या फ्रेंचांना पनामा का जमला नाही?

त्यांनी सुएझ बांधला होता म्हणूनच, असं माझं मत आहे.

फर्डिनांड द लेसेप्स हा मुळात इंजिनिअर नव्हता, मुत्सद्दी होता. १८६९ मध्ये सुएझ सुरू झाला आणि तो फ्रान्सचा लाडका वीर ठरला. १८७९ मध्ये पॅरिसला पनामाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. सुएझसारखाच समुद्रसपाटीचा, लॉक नसलेला सरळ चर पनामातही खणायचा, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. सुएझची जमीन सपाट, कोरडी, वाळूची. पनामाची डोंगराळ, जंगलाची, चिखलाची, आणि मधून पावसाळ्यात पिसाळणारी चाग्रेस नदी.

त्याच परिषदेत गोदँ द लेपिने नावाचा फ्रेंच इंजिनिअर उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की डोंगर समुद्रापर्यंत खाली आणायचा नाद सोडा, नदी अडवा, साधारण ८० फूट उंचीवर तलाव करा आणि जहाजं लॉकने वर चढवा. म्हणजे पुढे पस्तीस वर्षांनी जे उभं राहिलं, जवळजवळ तेच. त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याने ठरावाविरुद्ध मत दिलं. १८९८ मध्ये तो वारला, आपली कल्पना उभी राहिलेली त्याला दिसली नाही. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत हळहळ वाटते ती या माणसाबद्दल. आराखडा बरोबर असून सभेत हरलेले इंजिनिअर मी आमच्या खात्यातही पाहिले आहेत.

काम १८८१ मध्ये सुरू झालं. खणावं तितकी दरड पुन्हा खाली येई. पीतज्वर आणि मलेरियाने माणसं पटापट मरू लागली. मुख्य इंजिनिअर ज्यूल दँग्लेर १८८३ मध्ये कुटुंब घेऊन आला. मुलगी, मुलगा, मुलीचा नियोजित नवरा आणि शेवटी बायको, सगळी तिथेच गेली. फ्रेंच काळात सुमारे २२ हजार माणसं मेल्याचा अंदाज आहे. अंदाजच, कारण नोंद मुख्यतः इस्पितळात मेलेल्यांची व्हायची. १८८७ मध्ये नाइलाजाने लॉक बांधायचं ठरलं आणि काम गुस्ताव्ह आयफेलला दिलं, तोच मनोऱ्याचा आयफेल. पण उशीर झाला होता. १८८९ मध्ये कंपनी बुडाली आणि सुमारे ८ लाख फ्रेंच लोकांची बचत तिच्याबरोबर गेली. पाठोपाठ लाचखोरी बाहेर आली. खासदारांना, वर्तमानपत्रांना पैसे चारले होते. लेसेप्सचा मुलगा शार्ल तुरुंगात गेला. आयफेललाही शिक्षा झाली, ती पुढे रद्द झाली.

जाता जाता: १८८७ मध्ये पॉल गोगँ हा पुढे जगप्रसिद्ध झालेला चित्रकार पैशांची चणचण म्हणून या कामावर दोन आठवडे मजुरी करून गेला.

डासांचं काय प्रकरण होतं?

तेव्हा डॉक्टरांची समजूत अशी की हे ताप दूषित हवेमुळे, चिखलातून निघणाऱ्या वाफांमुळे येतात. फ्रेंचांची इस्पितळं देखणी होती, भोवती बागा. झाडांना आणि रुग्णांना मुंग्या लागू नयेत म्हणून रोपांभोवती पाण्याच्या चाऱ्या केल्या होत्या आणि खाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. आपल्या आज्या साखरेच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवायच्या, तसंच. त्या वाट्यांत डास वाढले आणि वॉर्डातल्या वॉर्डात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर रोग पोचवू लागले. पाय मोडून आलेला माणूस तापाने जायचा.

उलगडा व्हायला वेळ लागला. क्यूबातल्या कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच पीतज्वर डासामुळे पसरतो असं मांडलं होतं, लोक हसले. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने क्यूबात पीतज्वराचा वाहक डासच असल्याचं सिद्ध केलं. त्यानंतर विल्यम गॉर्गस या लष्करी डॉक्टरने आधी हवाना आणि मग पनामा साफ केलं. घरोघर धुरी, साचलेल्या पाण्यावर तेल, खिडक्यांना जाळ्या, झाकलेली पिंपं, नळाचं पाणी, फरसबंद रस्ते. पनामा सिटीत पीतज्वराचा शेवटचा रुग्ण नोव्हेंबर १९०५ मध्ये सापडला. मलेरिया पूर्ण गेला नाही, पण आटोक्यात आला. डेंग्यूच्या दिवसांत नगरपालिकेची माणसं आपल्या गच्चीवरच्या कुंड्या उलट्या करतात, ती याच घराण्यातली पद्धत.

अमेरिकेने वेगळं काय केलं?

पहिलं वर्ष वायाच घालवलं. मे १९०४ मध्ये त्यांनी ताबा घेतला, घाईने खणायला सुरुवात केली, तापाची साथ आली, माणसं बोटी पकडून पळाली आणि मुख्य इंजिनिअर वॉलेस यांनी वर्षभरात राजीनामा दिला.

मग जॉन स्टीव्हन्स आले. हा रेल्वेचा माणूस. त्यांनी आल्या आल्या खोदकाम थांबवलं. आधी घरं, खाणावळी, गटारं, इस्पितळ, आणि गॉर्गस मागतील तेवढी माणसं आणि सामान. दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती अशी की खणणं अवघड नाहीच, खणलेली माती वेळेवर हलवणं अवघड आहे. म्हणजे हे काम फावड्याचं कमी आणि रेल्वेच्या वेळापत्रकाचं जास्त. त्यांनी जुनी पनामा रेल्वे मजबूत केली आणि रुळांचं असं जाळं विणलं की वाफेची फावडी कधी रिकाम्या वाघिणीची वाट बघत उभी राहू नयेत. ज्यांनी साइटवर डंपर नाही म्हणून पोकलेन उभा राहिलेला पाहिला आहे, ते स्टीव्हन्सना मनातून नमस्कार करतील.

आणि तिसरी, सर्वांत मोठी: १९०६ मध्ये समुद्रसपाटीचा हट्ट सोडून लॉक आणि तलावाचा आराखडा मंजूर झाला. ज्या चाग्रेस नदीने फ्रेंचांना रडवलं, तिलाच कामाला लावलं. गातूनचं मातीचं धरण २.३ किलोमीटर लांब आणि पायाशी जवळजवळ ८०० मीटर रुंद आहे. त्याच्या भरावात कालव्यातलीच खोदलेली माती वापरली. पुराचं पाणी आता शत्रू राहिलं नाही, साठा झालं.

१९०७ मध्ये स्टीव्हन्स सोडून गेले. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मग लष्करातले कर्नल जॉर्ज गोथल्स यांना नेमलं, सहजासहजी राजीनामा देता येऊ नये म्हणून! काम पुरं केलं ते गोथल्स यांनीच.

डोंगर कापलाच नाही का मग?

कापला, आणि चांगलाच. कुलेब्राची खिंड सुमारे १३.७ किलोमीटर लांब आहे. तिथे अमेरिका खंडाचा पाणलोटाचा कणा ओलांडावा लागतो. कालवा सुरू झाला तेव्हा तिचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १२ मीटर उंच होता. तलाव वर असल्यामुळे तेवढी खोदाई वाचली. समुद्रापर्यंत उतरायचं असतं तर काय झालं असतं याची कल्पना तिथल्या दरडींवरून येते.

आपल्या घाटातली दरड एका रात्रीत कोसळते आणि मोकळी होते. कुलेब्रात वरचे जड थर खालच्या मऊ मातीवर बसलेले होते. खालून आधार काढला की अख्खा उतार हळूहळू सरकायचा, तळाची जमीन फुगून वर यायची. रुळ वाकायचे, फावडी गाडली जायची, महिन्यांचं काम भरून जायचं. उपाय एकच: उतार आणखी पसरट करत जायचं, म्हणजे आणखी माती काढायची. या खिंडीची जबाबदारी डेव्हिड गेलार्ड यांच्याकडे होती. डिसेंबर १९१३ मध्ये मेंदूतल्या गाठीने ते गेले, खिंडीतून जहाज गेलेलं त्यांनी पाहिलं नाही. काढलेली माती पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ समुद्रात टाकून तीन-चार बेटं जोडणारा रस्ता केला. तिथे आता लोक संध्याकाळी फिरायला जातात.

प्रत्यक्ष घाम कुणी गाळला?

फोटोत गोरे इंजिनिअर दिसतात. खणलं ते बहुतांशी वेस्ट इंडिजच्या कृष्णवर्णीय मजुरांनी. एकट्या बार्बाडोसमधून सुमारे २० हजार माणसं करारावर आली. हजेरीपट दोन होते. अमेरिकनांचा ‘गोल्ड’, पगार सोन्याच्या नाण्यांत. बाकीच्यांचा ‘सिल्व्हर’, पगार चांदीत. नुसता पगार नाही, पोस्टातली रांग, शाळा, खाणावळ, घरं, सगळं वेगळं. सुरुंग लावणं, दरडीखाली काम करणं हे वाट्याला कुणाच्या यायचं, ते उघड आहे. अमेरिकन काळातले अधिकृत मृत्यू ५,६०९, त्यात बहुसंख्य हेच.

आणखी एक हिशोब सहसा कुणी मांडत नाही. तलाव भरला तेव्हा चाग्रेसकाठची गावं पाण्याखाली गेली, जुन्या रेल्वेमार्गासकट. कोयना, उजनीकडच्या वाचकाला ‘धरणग्रस्त’ या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे.

उद्घाटन दणक्यात झालं असेल?

नाही. १५ ऑगस्ट १९१४ ला ‘अँकॉन’ हे जहाज अधिकृतपणे पहिलं पार झालं. (तारीख आपल्या ओळखीची, पण निव्वळ योगायोग.) दोनच आठवड्यांपूर्वी पहिलं महायुद्ध पेटलं होतं, त्यामुळे वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानांवर गेली. खरं तर त्याच वर्षी ७ जानेवारीला एक जुनी क्रेनची बोट कामानिमित्त इकडून तिकडे गेली होती. नाव ‘अलेक्झांद्र ला व्हॅले’, फ्रेंचांनी मागे टाकलेली. म्हणजे एका समुद्रातून दुसऱ्यात पहिली गेली ती फ्रेंच बोटच!

कालवा नक्की कुणाच्या मालकीचा आहे?

पनामाच्या. पण वाट वळणाची आहे. १९०३ पर्यंत पनामा हा कोलंबियाचा प्रांत होता. कोलंबियाच्या सिनेटने अमेरिकेशी झालेला करार फेटाळला, आणि ३ नोव्हेंबर १९०३ ला पनामा स्वतंत्र झाला. तेव्हा अमेरिकन युद्धनौका किनाऱ्यावर ‘योगायोगाने’ हजर होती. पंधरा दिवसांत करार झाला. पनामाच्या वतीने सही केली ती ब्युनो-व्हारिया या फ्रेंच माणसाने. पनामाचे खरे प्रतिनिधी वॉशिंग्टनला पोचेपर्यंत सही होऊन गेली होती. कराराने कालव्याच्या दोन्ही बाजूंचा मिळून १६ किलोमीटर रुंदीचा पट्टा अमेरिकेला कायमचा मिळाला.

देशाच्या मधोमध दुसऱ्याचा झेंडा, ही गोष्ट सलत राहिली. जानेवारी १९६४ मध्ये झेंड्यावरूनच दंगल उसळली, वीसहून अधिक पनामावासी मारले गेले. ९ जानेवारी तिथे हुतात्मा दिन म्हणून पाळतात. १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर आणि पनामाचे नेते ओमार तोरिहोस यांनी हस्तांतराचे करार केले आणि ३१ डिसेंबर १९९९ ला दुपारी कालवा पनामाच्या ताब्यात आला. २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी तो परत घेण्याची भाषा केली, तेव्हा पनामात लोक इतके का भडकले ते या इतिहासावरून समजतं.

‘पनामॅक्स’ म्हणजे काय?

जुन्या लॉकमध्ये मावेल असं मोठ्यात मोठं जहाज. लांबी २९४ मीटर, रुंदी ३२.३ मीटर. हौद ३३.५ मीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मोकळे. कित्येक दशकं जगभरच्या गोद्यांत जहाजांचे आराखडे या एका मापावरून निघत.

पुढे कंटेनर जहाजं त्याहून मोठी होत गेली. २००६ मध्ये पनामाने सार्वमत घेऊन विस्ताराचा निर्णय केला आणि २६ जून २०१६ ला नवे लॉक सुरू झाले: अटलांटिकला आग्वा क्लारा, पॅसिफिकला कोकोली. हौद ४२७ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. दरवाजे आता बाजूला सरकणारे, आणि खेचरांऐवजी टगबोटी, म्हणजे जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दमदार बोटी. प्रत्येक हौदाला शेजारी तीन टाक्या आहेत, त्यांत पाणी उतरवून पुढच्या जहाजासाठी पुन्हा वापरतात. साधारण ६० टक्के पाणी असं फिरतं, त्यामुळे हौद एवढा मोठा असूनही खर्च जुन्यापेक्षा किंचित कमीच. त्रास एक झाला. या फिरवाफिरवीत खारं पाणी तलावात जास्त शिरतं, आणि तो तलाव पिण्याचा आहे.

२०२३ मध्ये जहाजांची रांग का लागली होती?

एल निनोमुळे पाऊस दगा देऊन गेला. १९५० पासूनच्या नोंदींत तिथला ऑक्टोबर इतका कोरडा गेला नव्हता. तलाव भरेना, म्हणून रोज ३६ च्या आसपास जाणारी जहाजं कमी करत डिसेंबरमध्ये २२ वर आणली. जहाजांनी माल कमी भरायचा, कारण खोली पुरत नव्हती. त्यात गोड्या पाण्यात जहाज खाऱ्यापेक्षा थोडं जास्त बुडतं, त्यामुळे इथे इंचाइंचाचा हिशोब. रांग टाळायला लिलावात एका जहाजाने जवळजवळ ४० लाख डॉलर मोजले, नेहमीच्या टोलशिवाय. २०२४ च्या पावसाळ्यात गाडी रुळावर आली. आता रिओ इंदिओ या शेजारच्या नदीवर नवं धरण बांधायचं घाटतंय, आणि तिथल्या बुडणाऱ्या गावांचा विरोध सुरू आहे. म्हणजे पुन्हा धरण, पुन्हा पुनर्वसन.

टोल किती?

जहाजाच्या आकारावर आणि मालावर. सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांना दहा लाख डॉलरच्या वर पडतो. सर्वांत कमी टोल भरला रिचर्ड हॅलिबर्टन या अमेरिकन भटक्याने. १९२८ मध्ये तो कालवा टप्प्याटप्प्याने पोहून गेला. नियमाप्रमाणे त्याचं वजन टनांत मोजून ३६ सेंट घेतले. तलावात मगरी आहेत, म्हणून सोबतच्या होडीत बंदूकवाला होता.

आपल्याला, म्हणजे भारताला, या कालव्याचा फायदा आहे का?

थेट फारसा नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला जायचा जवळचा रस्ता सुएझवरून आहे. मुंबई बंदराचं नशीब पालटायला सुएझनेच हातभार लावला. पनामा वाचवतो तो अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांमधला आणि पूर्व आशियाकडचा फेरा. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा प्रवास दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून जाण्यापेक्षा साधारण १२,५०० किलोमीटरने कमी होतो.

आपला संबंध आहे तो माणसांमधून. रत्नागिरी, रायगड, गोवा इथली मर्चंट नेव्हीतली मुलं हा कालवा पार करून येतात आणि घरी मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवतात. त्यांतल्या एकाने सांगितलेली गोष्ट: जगात सगळीकडे पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवायला चढणारा स्थानिक जाणकार, कॅप्टनला सल्ला देतो, पनामात मात्र जहाजाचा ताबाच पायलटकडे जातो. त्या आठ-दहा तासांत कॅप्टन आपल्याच जहाजावर पाहुणा.

बघायला जायचं तर?

पनामा सिटीजवळ मिराफ्लोरेसला प्रेक्षकांसाठी सज्जा आहे, जहाज अगदी हाताच्या अंतरावरून वर-खाली होताना दिसतं. नवे लॉक बघायचे तर कोलोनजवळ आग्वा क्लारा. वेळ असेल तर तलावातलं बारो कोलोराडो बेट चुकवू नका. पाणी चढलं तेव्हा डोंगराचा माथा तेवढा वर राहिला, तेच हे बेट. १९२३ पासून तिथे उष्ण कटिबंधातल्या जंगलाचा अभ्यास चालतो. आता ते स्मिथसोनियन संस्थेकडे आहे.

निघण्याआधी पीतज्वराची लस घ्या, किमान दहा दिवस आधी. पनामाहून भारतात परतताना विमानतळावर त्याचं प्रमाणपत्र मागतात, नसलं तर विलगीकरणात बसावं लागू शकतं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या डासाचा वचक अजून आहे.

येताना पनामा हॅट आणायची का?

हौसेने आणा, पण ती मूळची इक्वेडोरची. तिकडे विणायचे आणि पनामाच्या बंदरात विकायचे, म्हणून हे नाव पडलं. रूझवेल्ट १९०६ मध्ये काम बघायला आले आणि वाफेच्या फावड्यावर चढून बसले, तेव्हा डोक्यावर हीच टोपी होती. त्या फोटोने इक्वेडोरचा हक्क कायमचा बुडवला.